बाकड्यावरचे तास: पुण्यातल्या एका डूलाच्या फीचा हिशेब

मी पुण्यात गरोदर बायकांचे व्यायामवर्ग घेते. शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. सातवा महिना लागला की वर्गात कुणीतरी हळूच विचारतंच, "डूला ठेवावी का हो? आणि किती घेतात?" डूला म्हणजे कळांच्या वेळी बाईला सोबत आणि धीर देणारी पगारी बाई. नुसता आकडा सांगून भागत नाही, म्हणून हल्ली मी हे एक प्रकरण सांगते. नवरा-बायको आणि त्या डूलाताई, तिघांनीही लिहायला हरकत नाही म्हटलं. नावं बदलली आहेत, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. रकमा या एका घराच्या आणि २०२४ च्या आहेत. पुण्याचा दर म्हणून त्या कुणी कुठे फेकू नयेत.

पार्श्वभूमी

मानसी ३१ वर्षांची, आयटीत. कौस्तुभ ३३ चा, एका ऑटो पार्ट्‌सच्या कंपनीत खरेदी विभागात. पहिलंच बाळंतपण, तारीख २८ ऑक्टोबर २०२४, म्हणजे नेमकी वसुबारस.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत दोन्ही घरांना मान्य होती. पण सांगलीला मानसीची आजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं सगळं मानसीची आई एकटी करत होती. लेकीचंही बाळंतपण तिथे काढायचं तर आईच आजारी पडायची वेळ. शिवाय मानसीचे डॉक्टर पुण्यात, विम्याची कॅशलेस सोय पुण्यात. सासूबाई नाशिकला. त्या दिवाळीच्या आधी येऊन सव्वा महिना राहणार होत्या.

कौस्तुभला रक्त बघवत नाही. हे तो हसत सांगतो, पण बहिणीच्या वेळी नुसत्या सलाइनच्या सुईकडे बघून तो वॉर्डात आडवा झाला होता आणि नर्सला पेशंट सोडून त्याच्याकडे धावावं लागलं होतं. वर्गात तो मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायचा.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघता प्रश्न साधा होता, कळांच्या वेळी मानसीजवळ कोण थांबणार? पण घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळाच प्रश्न होता. मानसीला एकटं पडायची भीती होती. कौस्तुभला आपण पुन्हा पडू याची. सासूबाईंना वाटत होतं की घरात माणसं असताना धीर द्यायला पगारी बाई आणणं म्हणजे आपल्यावर अविश्वास. आणि मानसीच्या डोक्यात, कुठल्यातरी रील्स बघून, एक पक्कं समीकरण बसलं होतं की डूला ठेवली की सिझर टळतं.

या समीकरणाबद्दल मी तिच्याशी बोलले. कळांच्या काळात सतत सोबत मिळाल्याने काय फरक पडतो याचा कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१७ चा आढावा आहे, १५ हजारांहून जास्त बायकांचा. अशी सोबत मिळालेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी दिसलं. चांगलाच फरक आहे. पण आपल्याकडे खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझरचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ४७.४ टक्के होतं. तिकडचा फरक इकडे जसाच्या तसा लागू होत नाही, तरी समजुतीपुरता पाव हिस्सा वजा करून बघा, पस्तीसच्या आसपास उरतात. तीन जणींमागे एक. म्हणजे डूला ठेवूनही सिझर होऊ शकतं, आणि ते झालं तर पैसे बुडाले असं म्हणायचं का, हे आधीच ठरवायला हवं. मानसीने तेव्हा मान हलवली. पटलं होतं की नाही, कोण जाणे.

डूला म्हणजे सुईण नव्हे, हेही घरात दोनदा समजवावं लागलं. ती आतून तपासत नाही, बीपी घेत नाही, ठोके ऐकत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. पाठ चोळणं, कूस आणि बैठक बदलायला लावणं, श्वासाची लय धरून ठेवणं, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या शब्दांत पुन्हा सांगणं, घाबरलेल्या नवऱ्याच्या हाताला काम देणं आणि नंतर बाळ छातीला लावायला मदत करणं, एवढा तिचा प्रांत. नर्सिंगसाठी आपल्याकडे परिषद आहे, नोंदणी आहे. डूलासाठी तसं काही नाही. आठवडाभराचा कोर्स केलेली आणि दीडशे बाळंतपणं पाहिलेली, दोघींच्या कार्डावर शब्द एकच असतो.

समोरचे पर्याय

कौस्तुभने जुलैत, चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला, सवयीप्रमाणे तीन कोटेशनं मागवली आणि एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता केला.

पहिल्या ताई अनुभवी, शंभराहून जास्त बाळंतपणांना हजर राहिलेल्या. फी ६५,०००. त्यात बाळंतपणाआधी घरी तीन भेटी, अडतिसाव्या ते बेचाळिसाव्या आठवड्यापर्यंत रात्री-अपरात्री फोन घेण्याची हमी, कळा जोर धरू लागल्या की घरी येणं, तिथून हॉस्पिटलात आणि बाळ झाल्यावर दोन तासांपर्यंत सोबत, नंतर घरी दोन भेटी. आजारी पडल्या तर बदली ताई ठरलेल्या.

दुसरी मुलगी नवीन, सात बाळंतपणं पाहिलेली. २२,०००. आधी एक भेट, नंतर एक, आणि प्रत्यक्ष सोबत. बदलीची सोय नाही. बोलायला गोड, प्रामाणिक. "मला अजून अनुभव हवाय, म्हणून फी कमी ठेवलीय," असं तिने स्वतःहून सांगितलं.

तिसरा पर्याय ऑनलाइन. १२,००० मध्ये चार व्हिडिओ भेटी आणि कळांच्या वेळी फोनवर मार्गदर्शन.

चौथा रकाना कौस्तुभने रिकामा ठेवला होता, तो भरला सासूबाईंनी. "मी थांबते की आत. फुकट." त्यावर मानसीने त्यांना विचारलं, "आई, तुमच्या वेळी कोण होतं?" सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कोणी नाही. अठ्ठ्याऐंशी साली नाशिकच्या दवाखान्यात बारा तास भिंतीकडे बघत पडले होते. माझी आई बाहेर, हे बाहेर. आतल्या आयाबाई ओरडायच्या, आवाज करू नको म्हणून."

कौस्तुभ म्हणतो, चाळीस मिनिटं चाललेला वाद या वाक्याने मिटला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सासूबाईंच्या आजीच्या वेळी बाळंतपण घरात व्हायचं. सुईण असायची, शेजारपाजारच्या दोन-तीन जाणत्या बायका असायच्या. बाळंतपण दवाखान्यात गेलं, जीव वाचू लागले, ते उत्तमच झालं, पण त्या जाणत्या बायका दाराबाहेर राहिल्या. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, अशा सूचना केंद्राकडून निघायला २०१६ उजाडलं. पुढे सरकारी लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ती गोष्ट आली. खासगी हॉस्पिटलात मात्र ज्याचा त्याचा नियम, आणि हा नियमच या प्रकरणात आडवा आला.

पैशांची तुलना कशाशी करायची, हाही प्रश्न होता. हॉस्पिटलचं पॅकेज नॉर्मलसाठी ८५,००० आणि सिझरसाठी १,४५,०००. मालिशवाल्या मावशी बाळ-बाळंतिणीचे मिळून रोजचे ६००, चाळीस दिवसांचे २४,०००. डूलाचा खर्च विम्यात बसत नव्हता, तो सगळा खिशातून. "पासष्ट हजारांत जवळजवळ तीन मावश्या आल्या असत्या," ही सासूबाईंची शेवटची हरकत. त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

निर्णय आणि करार

त्यांनी पहिल्या ताईंना पसंती दिली, पण घासाघीस करून. बाळंतपणाआधीची एक आणि नंतरची दुसरी अशा दोन भेटी कमी करून फी ५२,००० वर आणली. २०,००० ठरवताना, २०,००० छत्तिसाव्या आठवड्यात, १२,००० शेवटच्या भेटीनंतर.

करार दोन पानांचा होता. कौस्तुभने त्यात विचारलेले प्रश्न चांगले होते, मी आता ते इतरांना सांगते. कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर ठरलं तर? तीस टक्के परत. ताई वेळेवर पोचल्याच नाहीत तर? चाळीस टक्के परत. लांबलं तर? सलग सोळा तासांनंतर बदली ताई येतील, किंवा दर तासाला ८०० जादा.

हॉस्पिटलकडे मात्र त्यांनी एकच प्रश्न एकदाच विचारला, तोही ओपीडीत, डॉक्टर पुढच्या पेशंटची फाइल उघडत असताना. "मॅडम, डूला चालेल ना?" मॅडम म्हणाल्या, "हो हो, चालेल की." विषय संपला.

खरेदी विभागातला माणूस मशीन मागवताना ते उतरवायला गेटवर क्रेन आहे का, रात्री गाडी आत घेतात का, हे विचारल्याशिवाय ऑर्डर काढत नाही. इथे विक्रेत्याला वीस प्रश्न विचारून झाले आणि गेटवर कोणी गेलंच नाही. मीही त्याला ते सुचवलं नाही. वर्गात भेटायचा दर आठवड्याला, पण माझ्याही डोक्यात आलं नाही.

प्रत्यक्ष काय घडलं

तारीख उलटली. लक्ष्मीपूजन झालं. पाडव्याच्या रात्री, २ नोव्हेंबरला, अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या, बारा-पंधरा मिनिटांनी एक. मानसी आणि कौस्तुभ ॲपवर वेळा टिपत जागे राहिले. पहाटे पाचला ताईंना फोन केला. ताईंनी बाळाची हालचाल नीट आहे ना, पाणी गेलंय का, रक्त दिसतंय का एवढं विचारलं आणि सांगितलं, "ॲप बंद करा. दोघं झोपा. झोप आली नाही तरी पडून राहा. मी येते." भाऊबीज होती. भावाला संध्याकाळी ये म्हणून कळवून त्या साडेआठला घरी हजर.

पुढचे नऊ तास घरात गेले, आणि मानसी आजही त्याच तासांबद्दल बोलते. ताईंनी आल्या आल्या काहीच केलं नाही. चहा घेतला, सासूबाईंनी केलेली चकली खाल्ली, कळ आली की नुसतं मानसीकडे बघत राहिल्या. मग तिला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर कोपरं टेकवून, पाय फाकवून, कंबर डोलवत उभं राहायला सांगितलं. कळ चढली की मागून दोन्ही कुल्ल्यांवर तळव्यांनी दोन्ही बाजूंनी दाब. चार-पाच कळा झाल्यावर बाजूला होत त्या सासूबाईंना म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही. जोर खांद्यातून लावा, मनगटातून नको." सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि दाबलं. मानसी म्हणते, त्या क्षणी घरात पगारी कोण आणि बिनपगारी कोण, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मधे पेज-तूप, लिंबू सरबत, गरम पाण्याची आंघोळ. दुपारी एकला ताईंनी मानसीलाच हॉस्पिटलच्या लेबर रूमला फोन करायला लावला. सिस्टरनी तेच तीन प्रश्न विचारले आणि कळा पाच मिनिटांवर आल्या की या म्हणाल्या. लवकर धावत सुटायचं नाही, हा या टप्प्यावरचा निर्णय होता आणि तो बरोबर ठरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार कळांचा खरा जोरकस टप्पा पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यापासून धरतात. सव्वासहाला हॉस्पिटलात तपासलं तेव्हा बरोबर पाच होते.

इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं. मग लेबर रूमचं दार आलं.

मॅडम दिवाळीनिमित्त गावाला गेल्या होत्या, त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर. इनचार्ज सिस्टरने सांगितलं, पेशंटबरोबर एकच माणूस, पास एकाच नावाचा, अदलाबदल नाही. कौस्तुभ म्हणाला, मॅडम हो म्हणाल्या होत्या. "लेखी आहे का?" नव्हतं. नव्या डॉक्टरांनी खांदे उडवले, हा वॉर्डाचा नियम म्हणाले. त्यांची चूक म्हणवत नाही, ते स्वतःच तिथे पाहुणे.

आत कोण जाणार, हे कळांच्या मधल्या चार मिनिटांत ठरवायचं होतं. कौस्तुभचा चेहरा पांढरा पडला होता. ठरलेली योजना अशी की जोखमीचं काम ताई करणार आणि तो जमेल तेवढाच आत थांबणार. पण पास आधीच त्याच्या नावाने फाडलेला. ताई म्हणाल्या, "तुम्ही जा. खाली बघू नका, तिच्या तोंडाकडे बघा. फोन व्हायब्रेटवर ठेवा."

त्या दाराबाहेरच्या लोखंडी बाकड्यावर बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत शेकायची रबरी पिशवी, नॅपकिन, तेलाची बाटली, सगळं जसंच्या तसं. आणि बाकड्यावरून मेसेज सुरू झाले. कौस्तुभने ते मला दाखवले. 'कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने दाब. बोटांनी नको.' 'तिचा जबडा घट्ट आहे का? ओठ सैल सोडायला सांग.' 'तू पाणी प्यायलास का?' '३ तासांत ती लघवीला गेली का? सिस्टरना विचार.' जो माणूस सलाइनची सुई बघून पडला होता, तो तीन तास उभा राहिला. मधे एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि बसल्या बसल्याच तिचा हात धरून राहिला.

रात्रीच्या पाळीला दुसऱ्या सिस्टर आल्या. ताईंनी त्यांना गाठलं, भांडण न करता. सिस्टर म्हणाल्या, "पास एक आहे, माणूस कुठलं ते मी बघत नाही. पण दोघं एकदम दिसलात तर दोघंही बाहेर." सव्वानऊपासून अदलाबदल सुरू झाली, वीस-पंचवीस मिनिटं ताई, मग कौस्तुभ. ताईंचा आतला वेळ सगळा मिळून दोन तास चाळीस मिनिटं भरला.

साडेअकराला सात सेंटीमीटर. मानसी दमली होती आणि तिला एपिड्यूरल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, हवं होतं. तेव्हा ताई आत होत्या. "तू ठरव. हवं असेल तर घे, त्यात हरण्यासारखं काही नाही," एवढंच त्या म्हणाल्या. डूला निवडताना ही कसोटी लावावी, असं माझं मत आहे. वेदनाशमन मागणाऱ्या बाईला जी अपराधी वाटायला लावते, तिचे दर कितीही कमी असोत, ती महागच. सव्वाबाराला एपिड्यूरल लागलं, मानसीला झोप लागली.

पहाटे साडेतीनला आठ सेंटीमीटरवर गाडी अडलेली, आणि बाळाचे ठोके खाली जाऊन वर यायला वेळ लागत होता. चार वाजून पाच मिनिटांनी सिझर ठरलं. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणालाच प्रवेश नाही. चार अडतीसला मुलगी झाली, ३.१ किलो. दोघी सुखरूप.

ताई गेल्या नव्हत्या. सहाच्या सुमाराला रिकव्हरीत सिस्टरच्या परवानगीने त्यांनी मानसीला कुशीवर वळवलं, टाक्यांवर दाब येऊ नये म्हणून पोटाशी उशी लावली आणि बाळ छातीला लावून दिलं. साडेसातला त्या निघाल्या, आल्यापासून तेविसाव्या तासाला. भाऊबीज राहिलीच.

हिशेब

वाद इथे झाला. सोळा तास मध्यरात्रीनंतर साडेबाराला संपले होते. बदली ताई बोलवाव्यात तर त्या दिवाळीला कोल्हापूरला. म्हणजे जादा सात तास, दर ८००, एकूण ५,६००. कौस्तुभचं म्हणणं, त्यातला बहुतेक वेळ तुम्ही बाकड्यावर होता, सेवा मिळालीच नाही. ताईंचं म्हणणं, बाकड्यावर होते म्हणजे घरी नव्हते, दुसऱ्या कामावर नव्हते, आणि फोन बंद नव्हता. करारात 'सलग हजेरी' असा शब्द होता. हजेरी खोलीत की इमारतीत, ते लिहिलेलं नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि असा वाद सगळ्यात चिवट असतो.

तो मिटला वेगळ्याच कारणाने. ठरलेली एकमेव भेट पाचव्या दिवशी झाली, दूध भरून छाती दगडासारखी झाली होती, ते ताईंनी मार्गी लावलं. अठराव्या दिवशी त्यांनी सहज फोन केला. मानसी म्हणाली, सगळं छान आहे. आवाज छान नव्हता. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नव्हती, आपल्याला आई होणं जमलंच नाही म्हणून सिझर झालं, असं ती स्वतःला ऐकवत होती. सासूबाईंना वाटलं थकवा, कौस्तुभला वाटलं टाक्यांचं दुखणं. ताई म्हणाल्या, "ते ५,६०० राहू देत. मला एकदा येऊ दे, तीन हजार द्या." त्या आल्या, दोन तास बसल्या, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली आणि निदान करणं आपलं काम नाही, डॉक्टरांना आजच दाखवा, असं कौस्तुभला बाजूला घेऊन सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशन, रात्रीचं एक दूध वाटी-चमच्याने कौस्तुभने पाजायचं. दीडेक महिन्यात ती सावरली.

एकूण खर्च ५५,०००. लेबर रूममधल्या दोन तास चाळीस मिनिटांवर भागला तर डोळे पांढरे होतात. घरातले नऊ तास, मेसेज, रिकव्हरीतला तास आणि तिसऱ्या आठवड्यातली भेट धरली तर आकडा माणसात येतो. कौस्तुभच्या मते तीस-पस्तीस हजार रास्त होते. मानसीच्या मते पंचावन्न ठीक, पण खर्च चुकीच्या जागी झाला.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी दार. डूला ठरवायच्या आधीच हॉस्पिटलच्या प्रशासनाला ईमेल करून उत्तर लेखी घ्यायचं. नवऱ्याव्यतिरिक्त डूला आत येऊ शकते का? येत नसेल तर अदलाबदल चालते का? आमचे डॉक्टर नसतील त्या दिवशीही हेच लागू का? रिकव्हरीत कोण येऊ शकतं? छापील उत्तर फाइलला लावायचं. हॉस्पिटलने नाही म्हटलं तरी फार बिघडत नाही, कारण तेव्हा अजून एक पैसाही दिलेला नसतो. हॉस्पिटल बदलता येतं किंवा डूलाचं काम बदलता येतं.

काम बदलणं हा पर्याय कुणाच्या फारसा ध्यानात येत नाही. मानसीच्या बाबतीत मला आता वाटतं की ताईंना तीन गोष्टींसाठी नेमायला हवं होतं. कौस्तुभ आणि सासूबाईंना हाताने शिकवण्याची एक भरगच्च भेट, कळांचे घरातले तास, आणि नंतरच्या दोन भेटी. हॉस्पिटलच्या दारापाशी काम संपतं असा करार झाला असता तर फीही कमी झाली असती. ज्या भेटी त्यांनी घासाघिशीत कापल्या, नेमक्या त्याच सगळ्यात जास्त लागल्या. आधीची भेट झाली असती तर कौस्तुभ दाब द्यायला मेसेजवरून शिकला नसता.

नवीन मुलीला घेतलं असतं तर? घरातले नऊ तास तिनेही बहुधा निभावले असते. सिस्टरशी भांडण न करता बोलणं आणि फोनवरच्या आवाजातला फरक ओळखणं, हे सात बाळंतपणांत येतं का, याबद्दल मला शंका आहे. पण जिच्या हॉस्पिटलात दार उघडं आहे, घरात बाळंतपणानंतर बघणारं जाणतं माणूस आहे, तिला बावीस हजारांची सोबत पुरेशी आहे, आणि मी तसं दोघींना सांगितलंही आहे.

करारात घड्याळ कधी सुरू होतं, बाकड्यावर चालतं की थांबतं, हे एका ओळीत लिहून घ्यायचं. बदली ताईंना एकदा भेटायचं, आणि तारीख सणासुदीला येत असेल तर त्या गावाला जाणार आहेत का, तेही विचारायचं. कागदावर बदलीचं नाव होतं. माणूस कोल्हापुरात होतं.

मानसीच्या सिझरबद्दल ताईंनी काही वेगळं करायला हवं होतं का? मला तसं काही सापडलं नाही. ठोक्यांमुळे घेतलेला तो निर्णय डॉक्टरांचा होता, आणि वेळेवर घेतला गेला. मात्र 'डूला म्हणजे नॉर्मल' हे समीकरण मी तिच्या डोक्यातून पुरतं काढलं नव्हतं, आणि नंतर तिने स्वतःला जे ऐकवलं त्यात त्याचाही वाटा होता. आता मी हा विषय वर्गात तीनदा काढते.

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा कौस्तुभने मला त्याचं एक्सेल दाखवलं. डूलाचे पंचावन्न हजार त्याने सुरुवातीला 'हॉस्पिटल' या सदरात टाकले होते. आता ती ओळ तिथून काढून खाली 'घर' या सदरात आणली आहे, मालिशवाल्या मावशी, डिंक आणि अळीव यांच्या शेजारी.